व्याकरण बिनचूक, तरी कानाला खटकणारं इंग्रजी

बोरू
"व्हॉट इज द मीनिंग ऑफ दिस?" या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायला ते वापरलं की समोरचा माणूस चपापतो, कारण इंग्रजीत हे जाब विचारायचं वाक्य आहे. अर्थ विचारायचा असेल तर "व्हॉट डझ दिस मीन?"

अशा वाक्यांसाठी हा धागा काढतोय. "ही डोन्ट नो" छापाच्या सरळ चुका इथे नकोत, त्या कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडतात. नुसती निरर्थक वाक्यंही नकोत. व्याकरण शाबूत ठेवूनही वाक्य निरर्थक असू शकतं, हे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्येच "रंगहीन हिरव्या कल्पना रागारागाने झोपतात" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य रचून दाखवलं आहे. आपल्याला हवी आहे ती तिसरी जात: व्याकरण बरोबर, अर्थही कळतो, पण त्या प्रसंगी तसं कुणी म्हणत नाही. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर यांनी १९८३ मध्ये या कोड्यावर नेमकं बोट ठेवलं. एकच आशय सांगणारी ढीगभर वाक्यं व्याकरण तयार करून देतं, त्यातली मोजकीच मातृभाषकांच्या तोंडी असतात, आणि ती कोणती हे व्याकरण सांगत नाही.

माझं म्हणणं असं की मराठी माणसाच्या इंग्रजीतली खटकणारी वाक्यं बहुतेक वेळा चांगल्या मराठी वाक्यातून आलेली असतात, आणि तीही ठरावीक जागांवरून. त्या जागा सापडल्या तर दुरुस्ती सोपी जाते. म्हणून उदाहरण देताना तीन गोष्टी लिहा: प्रसंग काय, मनात मराठी वाक्य कोणतं होतं, आणि इंग्रजीत त्या जागी काय म्हणतात.

सुरुवात करतो. उतरलेला चेहरा पाहून आपण "काय झालं?" म्हणतो, त्याचं "व्हॉट हॅपन्ड?" होतं. हा प्रश्न घडलेल्या घटनेबद्दल आहे. काच फुटल्याचा आवाज आला, तर तो बरोबर. नुसता चेहरा उतरला असेल तर "व्हॉट्स राँग?" किंवा "आर यू ओके?" आणि नीट ऐकू आलं नाही म्हणून "काय?" विचारायचं असेल तर चढ्या सुरात "सॉरी?" एवढंच.

अनुस्वार
फार चांगला विषय. माझ्या मते सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपोआप घडणारी क्रियापदं. मराठीत फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं अशा जोड्या आहेत. "मी पेला फोडला" म्हटलं की मुद्दाम फोडला असा वास येतो, म्हणून आपण "माझ्या हातून पेला फुटला" म्हणतो. हे "हातून" मराठीतलं फार नाजूक काम आहे: कर्ता मीच, पण हेतू माझा नव्हता.

आता हे इंग्रजीत न्यायला गेलं की "द ग्लास ब्रोक इन माय हँड" होतं. व्याकरण ठीक आहे, पण अर्थ बदलला: हातात धरलेला असतानाच पेला तडकला. "द ग्लास गॉट ब्रोकन बाय मी" हेही चालेल व्याकरणाला, पण ऐकणाऱ्याला वाटतं हा माणूस अंग काढून घेतोय. इंग्रजीत सरळ "आय ब्रोक अ ग्लास" म्हणतात. त्यात हेतूचा आरोप नसतो. अपघात होता हे सांगायचंच असेल तर "बाय ॲक्सिडेंट" जोडतात किंवा पुढे "आय डिडन्ट मीन टू" म्हणतात.

याच जागेवरची आणखी वाक्यं:
हातातून पडलं: "इट फेल फ्रॉम माय हँड" नको, "आय ड्रॉप्ड इट".
बस चुकली: "आय मिस्ड द बस".
पाकीट हरवलं: "माय वॉलेट इज लॉस्ट" ऐवजी "आय लॉस्ट माय वॉलेट" किंवा "आय'व्ह लॉस्ट माय वॉलेट".
हात भाजला: "आय बर्न्ट माय हँड".
पाय मुरगळला: "आय ट्विस्टेड माय अँकल". इथे पाय जाऊन घोटा येतो, तेही लक्षात ठेवा.
चष्मा घरी विसरला: "आय लेफ्ट माय ग्लासेस ॲट होम". "फरगॉट" वापरायचं तर जागा सांगायची नाही, "आय फरगॉट माय ग्लासेस" इथेच थांबायचं. जागा आली की "लेफ्ट".

केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांचा २०११ मधला अभ्यास याच मुद्द्यावर आहे. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यांनी मुद्दाम केलेल्या आणि चुकून घडलेल्या कृतींच्या चित्रफिती दाखवल्या. चुकून घडलेल्या प्रसंगाचं वर्णन करतानाही इंग्रजी भाषक कर्त्याला वाक्यात जास्त वेळा आणत होते. स्पॅनिशची सवय या बाबतीत मराठीच्या जवळची आहे.

किनखाप
अनुस्वार, तुमच्या घोट्यावरून आठवलं ते लिहिते. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा "हात" आणि कमरेपासून खाली सगळा "पाय". इंग्रजीत मनगटाच्या वर आर्म, खाली हँड. घोट्याच्या वर लेग, खाली फूट. बोटांचंही तसंच: हाताचं फिंगर, पायाचं टो. अंगठाही वेगळा, हाताचा थम आणि पायाचा बिग टो.

"माय हँड इज ब्रोकन" म्हटलं की ऐकणारा तळव्याकडे बघतो. हाड कोपराजवळ मोडलं असेल तर "आय ब्रोक माय आर्म". डॉक्टरांशी बोलताना हा फरक नुसत्या सफाईचा नाही, तपासणीच चुकीच्या जागेपासून सुरू होते.

अवांतर: "आय हॅव अ पेन इन माय लेग" बरोबर आहे, पण रोजच्या बोलण्यात "माय लेग हर्ट्स" हेच जास्त ऐकू येईल.

चकवाचांदण
वाचते आहे, छान धागा. एक प्रश्न. "मी दोन दिवसांनी येईन" याचं "आय विल कम आफ्टर टू डेज" यात नक्की काय खटकतं? आफ्टर म्हणजे नंतर, हे तर बरोबर आहे ना?

बोरू
चकवाचांदण, "आफ्टर" कुठल्या तरी दुसऱ्या घटनेपासून मोजतं, "इन" बोलण्याच्या क्षणापासून. गोष्ट सांगताना "आफ्टर टू डेज ही लेफ्ट" चालतं, त्यातही "टू डेज लेटर" जास्त प्रचारात आहे. पण आत्तापासून पुढे मोजायचं तर "आय'ल बी देअर इन टू डेज".

आणि इथेच दुसरा खड्डा आहे. आपलं "दोन दिवसांत येतो" म्हणजे दोन दिवस पूर्ण व्हायच्या आत कधीही. ते "इन टू डेज" नाही, ते "विदिन टू डेज" आहे. म्हणजे "इन" दिसायला "दोन दिवसांत"सारखं, पण येण्याजाण्याच्या वाक्यात अर्थाने "दोन दिवसांनी". कामाला किती वेळ लागेल हे सांगताना मात्र "आय कॅन फिनिश इट इन टू डेज" म्हणजे दोन दिवसांत पूर्ण होईल. क्रियापद बघून ठरवावं लागतं.

"पर्यंत"चंही असंच दुभंगतं. "पाचपर्यंत थांब" म्हणजे "वेट टिल फाइव्ह", कारण थांबणं पाचपर्यंत चालूच राहतं. "पाचपर्यंत ये" म्हणजे "कम बाय फाइव्ह", कारण येणं एकदाच घडतं आणि पाच ही शेवटची मर्यादा. "सेंड इट टिल फ्रायडे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला शुक्रवारपर्यंत रोज पाठवायचंय की काय असं वाटतं.

पाणपोई
विनंतीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून सविस्तर लिहिते.

मराठीत आदर क्रियापदात बसतो. "दे", "द्या", "द्याल का", "द्यावं" अशी उतरंड आहे, आणि "पाणी द्या" हे वाक्य उद्धट मुळीच नाही. इंग्रजी क्रियापदात आदराची सोय नाही, म्हणून आपण "द्या"चा भार "प्लीज"वर टाकतो: "प्लीज गिव्ह मी वॉटर". "प्लीज" तो भार पेलत नाही. आज्ञार्थाच्या आधी "प्लीज" लावलं की ती सौम्य विनंती न होता सभ्य सूचना होते, दारावरच्या पाटीवर "प्लीज क्लोज द डोअर" असतं तशी.

इंग्रजीत नम्रता दोन युक्त्यांनी येते. एक, आज्ञेचा प्रश्न करायचा. दोन, "तुम्ही द्या"च्या जागी "मला मिळेल का" असं वाक्य फिरवायचं. म्हणून "कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?" यात "गिव्ह" नाही आणि "गिव्ह मी"मधलं "मी"सुद्धा नाही. ऑफिसात "प्लीज सेंड मी द फाइल" ऐवजी "कुड यू सेंड मी द फाइल?" आणि घाई नसेल तर पुढे "व्हेन यू गेट अ चान्स".

याच घरातली तीन घातक वाक्यं:

"यू हॅड बेटर सी अ डॉक्टर." आपण "बेटर" म्हणजे "बरं" धरून हा सल्ला समजतो. इंग्रजीत यात "नाहीतर बघ" असा इशारा असतो. सल्ला म्हणून "यू माइट वॉन्ट टू सी अ डॉक्टर" किंवा "मेबी यू शुड सी अ डॉक्टर".

"ऑफ कोर्स." कुणी माहिती विचारली, "इज द लायब्ररी ओपन टुडे?" आणि उत्तर "ऑफ कोर्स", तर त्याचा अर्थ "एवढंही माहीत नाही?" असा निघतो. "येस, इट इज" म्हणा. विनंतीला होकार देताना मात्र "ऑफ कोर्स" अगदी गोड.

"डिड यू अंडरस्टँड?" आपलं "समजलं ना?" मायेचं असतं. हे मात्र परीक्षकासारखं वाटतं, जणू न समजणं ऐकणाऱ्याचा दोष. "डझ दॅट मेक सेन्स?" म्हटलं की जबाबदारी सांगणाऱ्याकडे येते.

मुक्काम
थोडा विरोधी सूर लावतो. इंग्रजी आता कुणा एकाची मालमत्ता नाही. ब्रिटिश माणूस "ॲट द वीकेंड" म्हणतो आणि अमेरिकन "ऑन द वीकेंड". एक "इन हॉस्पिटल" म्हणतो, दुसरा "इन द हॉस्पिटल". त्यांना एकमेकांचं खटकतंच की. "डू द नीडफुल" पूर्वी ब्रिटनमध्येही कार्यालयीन पत्रांत चालायचं, तिथे मागे पडलं, आपल्याकडे टिकलं. मग ते अनैसर्गिक कसं? ते फक्त वेगळं आहे. आपापसात बोलताना "टुडे मॉर्निंग" म्हटलं तर कुणाचं काय अडतं?

बोरू
मुक्काम, तुमचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच सगळी खटकणारी वाक्यं एका तराजूत तोलू नयेत. मी तीन थर करतो.

पहिला थर, अर्थच बदलणारी वाक्यं. "आय हॅव अ डाउट" म्हणजे आपल्या मनात "शंका आहे, विचारतो". बाहेरच्या ऐकणाऱ्याला कळतं "तुमचं म्हणणं मला खरं वाटत नाही". तिथे "आय हॅव अ क्वेश्चन" हवं. "आय गेव्ह द एक्झाम" म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी परीक्षा घेणारा तुम्ही, देणारा कुणी दुसराच. "आय टुक द एक्झाम" हवं, ब्रिटिश इंग्रजीत "आय सॅट द एक्झाम"सुद्धा. हा थर दुरुस्त करायलाच हवा.

दुसरा थर, सूर बदलणारी वाक्यं. पाणपोईंनी लिहिली ती सगळी यात येतात. अर्थ पोहोचतो, पण माणूस तुसडा किंवा भांडखोर वाटतो. हा थर जास्त धोक्याचा, कारण कुणी दुरुस्त करून सांगत नाही, नुसतं मनात धरतात.

तिसरा थर, फक्त वेगळी वाटणारी. "टुडे मॉर्निंग", "कझिन ब्रदर". बाहेरच्यांशी बोलताना "दिस मॉर्निंग" आणि नुसतं "कझिन" म्हणावं, आपापसात बदलायची काही गरज नाही.

तराजू
कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द बसतो, हा या विषयाचा गाभा आहे. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा ही भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांची शिकवण, आणि "कोलोकेशन" (शब्दांची अशी नेहमीची सोबत) ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजली ती त्यांच्यामुळे. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी १९६६ मध्ये दिलेलं उदाहरण अजून सगळे वापरतात: चहा "स्ट्राँग" असतो, "पॉवरफुल" नसतो. गाडी "पॉवरफुल" असते, "स्ट्राँग" नाही. युक्तिवाद मात्र दोन्ही असू शकतो. यामागे तर्क शोधू नका, ती वहिवाट आहे.

मराठीतला "जोरात" घ्या. पाऊस जोरात पडतो तेव्हा "इट्स रेनिंग हार्ड", नाम असेल तर "हेवी रेन". "स्ट्राँग रेन" कळतं, पण खटकतं. वारा जोरात असेल तर "स्ट्राँग विंड", तिथे "हेवी" नाही. जोरात बोल म्हणजे "स्पीक अप". गाडी जोरात म्हणजे "फास्ट". जोराची भूक म्हणजे "आय'म स्टार्व्हिंग". धंदा जोरात म्हणजे "बिझनेस इज बूमिंग". एका मराठी शब्दाला सहा ठिकाणी सहा सोबती. म्हणून "जोरात म्हणजे काय" हा प्रश्नच शब्दकोशाला विचारू नये. "पावसाबरोबर काय येतं" असं विचारावं. नामापासून सुरुवात करा, विशेषण आणि क्रियापद नाम स्वतः निवडतं.

तपासायची रीत सांगतो. कॉर्पस म्हणजे खऱ्या मजकुराचा मोजता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, त्यातले साधारण १० टक्के बोलीतले. कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिशमध्ये १९९० ते २०१९ या काळातले १०० कोटींहून जास्त शब्द, आठ प्रकारच्या मजकुरांत विभागलेले.

१. नाम टाका, समजा "मिस्टेक".
२. सोबती शोधायचा पर्याय निवडा, शब्दजात क्रियापद ठेवा, आणि खिडकी, म्हणजे नामाच्या आजूबाजूचे किती शब्द बघायचे ते, डावीकडे ४, उजवीकडे ०. कर्मणी वाक्यांत क्रियापद उजवीकडे जातं, ती यात सुटतात, पण सुरुवातीला एवढं पुरे.
३. वर येणारी क्रियापदं बघा. "मेक" ठळकपणे वर येईल. "डू" तिथे शोधावं लागेल, आणि सापडलं तरी ते बहुतेक प्रश्नातलं किंवा नकारातलं साहाय्यक "डू" निघेल, मुख्य क्रियापद नव्हे.
४. म्हणून आकड्यावर थांबू नका. ओळींवर क्लिक करून निदान २० ते ३० वाक्यं वाचा.
५. कोणत्या प्रकारच्या मजकुरात वारंवारता जास्त आहे ते बघा. "परचेस" आणि "बाय" दोन्ही मिळतील, पण गप्पांमध्ये "बाय" आणि कागदपत्रांत "परचेस" हा फरक इथेच दिसतो.

एमआय (म्युच्युअल इन्फॉर्मेशन, दोन शब्दांची सोबत किती घट्ट आहे ते सांगणारा) नावाचा गुणांक दिसला तर ३ च्या वरचा सोबती दखल घेण्याजोगा मानतात. पण हा गुणांक दुर्मीळ शब्दांना उगाच वर चढवतो. एखादा शब्द दोनदाच आला आणि दोन्ही वेळा त्याच नामाबरोबर, तर त्याला मोठे गुण मिळतात. म्हणून एकूण किती वेळा आला हा आकडा शेजारी ठेवूनच बघायचं.

चकवाचांदण
तराजू, यासाठी गूगलवर अवतरणात वाक्य टाकून किती निकाल येतात ते बघितलं तर? किंवा गूगल बुक्सचा तो आलेख, ज्यात एखादा शब्द पुस्तकांत वर्षागणिक किती वापरला गेला ते दिसतं?

तराजू
शोधनिकालांचा आकडा अंदाजी असतो, त्यावर विसंबू नका. शिवाय त्यात भाषांतर यंत्रांनी लिहिलेली वाक्यंही मोजली जातात.

गूगल बुक्सचा आलेख उपयोगी आहे, पण मर्यादा लक्षात ठेवून. त्यात फक्त पुस्तकं आहेत, त्यामुळे "आय'म स्टार्व्हिंग"सारखी बोली कमी दिसते. जास्तीत जास्त पाच शब्दांचा तुकडा शोधता येतो. आणि जो तुकडा ४० पेक्षा कमी पुस्तकांत आहे तो त्यांच्या साठ्यात नसतोच, म्हणजे सपाट रेघ दिसली तर "कुणीच लिहीत नाही" असं नसून "फार थोडे लिहितात" असं वाचायचं. दोन पर्याय स्वल्पविराम देऊन एकत्र टाका आणि त्यांची आपसात तुलना करा. एकट्या रेघेवरून काहीच ठरत नाही.

निळीशाई
यंत्राला विचारणाऱ्यांसाठी एक सूचना. चॅटबॉटला "हे वाक्य बरोबर आहे का?" विचारलं की उत्तर "हो, बरोबर आहे" येतं, कारण व्याकरण खरंच बरोबर असतं. आपलं वाक्य दाखवूच नका. प्रसंग सांगा: कोण, कुणाला, कुठे, बोलताना की लिहिताना. आणि "इथे लोक काय म्हणतात, तीन पर्याय द्या" असं विचारा. मग आपलं वाक्य त्याशेजारी ठेवा. आलेले पर्यायसुद्धा तराजूंनी सांगितल्याप्रमाणे पडताळून घ्या.

अनुस्वार
नकार आणि होकार ही अजून एक जागा.

"मला वाटतं तो येणार नाही" आणि "मला नाही वाटत तो येईल" ही दोन्ही मराठीत सहज. इंग्रजीत "आय थिंक ही वोन्ट कम" चुकीचं नाही, पण रोजचं वाक्य "आय डोन्ट थिंक ही'ल कम". "थिंक" नकार स्वतःकडे ओढून घेतं. "होप" मात्र ओढत नाही: "आय होप ही डझन्ट कम". म्हणूनच तुटक उत्तरं "आय डोन्ट थिंक सो", पण "आय होप नॉट".

नकारार्थी प्रश्नाला आपण प्रश्नकर्त्याशी सहमत होतो: "आला नाहीस?" "हो, नाही जमलं". इंग्रजीत होकार-नकार वस्तुस्थितीला द्यायचा असतो, प्रश्नाला नाही. न येणं खरं असेल तर "नो, आय कुडन्ट मेक इट". "येस, आय डिडन्ट" ऐकून समोरचा पुन्हा विचारतो. "वुड यू माइंड"लाही हेच लागू: खिडकी बंद करायला तयार असाल तर उत्तर "नो, नॉट ॲट ऑल" किंवा "शुअर".

आणि उत्तर किती लांब द्यायचं? "हॅव यू ईटन?" याला "येस, आय हॅव ईटन" हे शाळेतलं उत्तर. "येस, आय हॅव" पुरे. जोडरूपं न वापरता "आय डू नॉट नो", "आय विल नॉट गो" असं सुटं बोललं की ठणकावून सांगितल्यासारखं वाटतं. पण वाक्याच्या शेवटी जोडरूप चालत नाही: "येस, आय ॲम" बरोबर, "येस, आय'म" नाही. "आय डोन्ट नो व्हेअर ही इज" इथेही शेवटचं "इज" सुटंच राहतं.

किनखाप
चा-ची-चे राहिलं. मराठीत "गाडीचं दार", "मित्राचं घर", "महिन्याचा शेवट", "उद्याची बैठक" सगळीकडे एकच प्रत्यय. इंग्रजीत तीन वाटा होतात. माणूस किंवा वेळ असेल तर अपॉस्ट्रॉफी-एस: "माय फ्रेंड्स हाउस", "टुमॉरोज मीटिंग". वस्तूचा भाग किंवा प्रकार असेल तर नुसती दोन नामं शेजारी: "कार डोअर", "टेबल लेग", "किचन विंडो". मोजमाप किंवा अमूर्त असेल तर "ऑफ": "द एंड ऑफ द मंथ", "द कॉज ऑफ द फायर". "द डोअर ऑफ द कार" कळतं, पण सगळीकडे "ऑफ" लावत गेलं की परिच्छेद जड होतो.

शेजारी ठेवलेलं पहिलं नाम सहसा एकवचनी राहतं: "शू शॉप", "अ टेन-मिनिट वॉक". आणि "वॉटर बॉटल" म्हणजे पाण्याची बाटली, रिकामी असली तरी. "अ बॉटल ऑफ वॉटर" म्हणजे बाटलीभर पाणी. तहान लागली असताना पहिलं मागू नका.

पाणपोई
+१ किनखाप. जोडशब्दांचा क्रमही बघा. बरेचसे दोन्हीकडे सारखे आहेत: सुईदोरा, खरेदी-विक्री, नफातोटा. पण खालीवर म्हणजे "अप अँड डाउन", स्त्रीपुरुष म्हणजे "मेन अँड विमेन", रक्तमांस म्हणजे "फ्लेश अँड ब्लड", आणि ऊन असो वा पाऊस म्हणजे "रेन ऑर शाइन". उलट क्रमाने म्हटलं तर चूक कुणी काढणार नाही, पण कान अडखळतो.

आणि दुसऱ्या टोकाची चूकही नको. नैसर्गिक वाटावं म्हणून वाक्प्रचार पाठ करून पेरणं. मुसळधार पावसासाठी "कॅट्स अँड डॉग्ज" पाठ्यपुस्तकांत जितकं भेटतं तितकं बोलण्यात भेटत नाही. "इट्स पोअरिंग" म्हणा.

बोरू
आतापर्यंतचं सगळं एका नमुन्यावर लावून बघू. रजेची मेल, जशी सर्रास लिहिली जाते:

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम रायटिंग दिस मेल टू इन्फॉर्म यू दॅट आय विल नॉट बी एबल टू अटेंड द मीटिंग ऑफ टुमॉरो ॲज माय हेल्थ इज नॉट गुड. काइंडली ॲडजस्ट. प्लीज रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट."

व्याकरणाला धरून सगळं ठीक. आता एकेक तुकडा. "रिस्पेक्टेड सर" ऐवजी "डिअर" आणि नाव. "आय ॲम रायटिंग" पासून "दॅट" पर्यंत सगळं काढून टाका, मेल आली म्हणजे तुम्ही लिहिलीच. "मीटिंग ऑफ टुमॉरो" हा किनखाप यांचा मुद्दा, "टुमॉरोज मीटिंग". "माय हेल्थ इज नॉट गुड" हा पहिल्या थरातला दोष: मराठीत "तब्येत बरी नाही" म्हणजे आजच्यापुरती, पण इंग्रजीत "हेल्थ" म्हणजे एकूण प्रकृती, त्यामुळे वाचणारा मोठ्या दुखण्याच्या काळजीत पडतो. "आय'म नॉट फीलिंग वेल" म्हणा. "काइंडली ॲडजस्ट" म्हणजे नक्की काय करायचं? ते सांगा: "कुड वी मूव्ह इट टू थर्सडे?" आणि "ॲट द अर्लिएस्ट" वरिष्ठाला तगादा वाटतो. प्रश्न विचारलाच आहे, तर ती ओळच नको.

उरतं ते: "डिअर अमुक, आय'म नॉट फीलिंग वेल, सो आय वोन्ट बी एबल टू मेक इट टू टुमॉरोज मीटिंग. कुड वी मूव्ह इट टू थर्सडे? सॉरी फॉर द शॉर्ट नोटिस." शेवटचं वाक्य नवीन आहे. आयत्या वेळी कळवल्याबद्दलची दिलगिरी इंग्रजीत अशाच तयार तुकड्याने व्यक्त करतात, तो सुट्या शब्दांनी बांधायला जाऊ नका.

मुक्काम
पटलं. थरांची कल्पना विशेष आवडली. शेवटचा प्रश्न: "सावकाश कळवा, घाई नाही" यासाठी मेलमध्ये "टेक युअर टाइम" चालेल का?

पाणपोई
मुक्काम, समोर बसून कुणी काही करत असेल, फॉर्म भरत असेल, तर "टेक युअर टाइम" छान. मेलमध्ये उत्तराबद्दल लिहिताना ते कधी कधी टोमण्यासारखं वाचलं जातं, कारण आवाजातला मऊपणा तिथे पोहोचत नाही. त्या जागी "नो रश" लिहा. तारीख माहीत असेल तर "नो रश, एनी टाइम बिफोर फ्रायडे इज फाइन", म्हणजे घाई नाही हेही कळतं आणि मर्यादाही.